शनिवारी फक्त शुल्क लागते का?

प्रति,
मा. केंद्रीय कृषिमंत्री,
कृषी भवन, नवी दिल्ली

महोदय, सप्रेम नमस्कार.

गेल्या महिन्यात माझा तेरा टन थॉमसन द्राक्षांचा कंटेनर बंदरात अडकला. माल उत्तम होता. रेसिड्यूचा (फळावर उरलेल्या औषधांच्या अंशाचा) रिपोर्ट स्वच्छ, बागेची नोंदणी वेळेत, पॅकहाऊसची तपासणी झालेली. फक्त फायटोवर, म्हणजे माल कीडमुक्त असल्याच्या सरकारी दाखल्यावर, कंटेनरच्या सीलचा एक आकडा चुकला, 6 च्या जागी 8. मी दिलेल्या कागदावर 6 च होता. चूक शुक्रवारी दुपारी सापडली. सही करणारे साहेब सोमवारी भेटणार होते आणि सोमवारी सुट्टी निघाली. मंगळवारी आकडा बदलला, तोवर जहाज निघून गेले होते.

हंगामात शनिवार-रविवारीही दाखले मिळतील, असे मागच्या वर्षी आमच्या मेळाव्यात स्टेजवरून सांगितले होते. टाळ्या आम्हीच वाजवल्या.

रीफरची (थंड कंटेनरची) वीज, जागेचे भाडे आणि खरेदीदाराने आधीच कापायला सांगितलेले पैसे धरून साडेतीन लाख गेले. थोडे इकडेतिकडे असेल, हिशोब रात्री केलाय. पुढच्या जहाजाने गेलेला माल अजून समुद्रात आहे. देठ हिरवे राहतील का, असे तिकडून रोज विचारतात. मी काय सांगू? ऑक्टोबर छाटणीपासून डावणी रोगासाठी रात्री-रात्री फवारण्या केल्या, सोसायटीचे कर्ज डोक्यावर आहे, आणि देठ वाळणार एका आकड्यापायी. बायको म्हणते, पुढच्या वर्षी बेदाणा करा, त्याला जहाजाची घाई नसते.

तुमचे खाते शनिवारी बंद असते हे मानायलाही मी तयार आहे. पण कांद्यावर 40 टक्के निर्यात शुल्क लागले ते 19 ऑगस्ट 2023 ला. कॅलेंडर काढून बघा, शनिवार होता. त्या दिवशी सही करायला माणूस सापडला! पुढे डिसेंबरात बंदी आली, मे 2024 मध्ये ती उठली, पण 40 टक्के तसेच. मग 20, आणि 1 एप्रिल 2025 ला शून्य. तोवर चाळीतला किती कांदा सडला, ते आम्हाला विचारा. तुम्ही म्हणाल, शुल्क अर्थखात्याचे. असेल. आम्हाला सगळी खाती एकाच दाराची वाटतात.

आता आत येणाऱ्या मालाचे बघू. कडधान्याला निघतानाच कीड मारणाऱ्या मिथिल ब्रोमाइड वायूची धुरी दिलेली हवी, हा नियम तुमचाच. पण त्याला सवलत द्यायची आणि मुदत संपली की पुन्हा वाढवायची, हे वर्षानुवर्षे चालले. तूरडाळ महाग होऊ नये म्हणून, हे कळते. पण सवलतीचा शिक्का बाहेरच्या भुंग्यालाच का? आमच्या देठावर एक पिठ्या ढेकूण दिसला तर पेटी बाजूला जाते, आणि ते बरोबरच आहे. कीड अडवलीच पाहिजे. गाजर गवत अमेरिकेच्या गव्हातून आले असे आम्ही लहानपणापासून ऐकतो, आणि अजून बांधावरून उपटतो आहोत. अमेरिकन लष्करी अळी 2018 मध्ये कर्नाटकात मक्यावर दिसली आणि त्याच वर्षी आमच्याकडे पोचली. पतंग उडतो, त्याला बंदरावर अडवता येत नाही, मान्य. निदान पोत्यातून येणाऱ्याला तरी अडवा.

आणि हे सगळे कुठल्या कायद्याच्या जोरावर? 1914 च्या. नवे कृषी जैवसुरक्षा विधेयक 2013 मध्ये लोकसभेत मांडले होते, पुढच्या वर्षी ते लोकसभेबरोबरच बुडाले. तेव्हा सरकार दुसऱ्यांचे होते, हे उत्तर मला पाठ आहे. आमच्याकडे कुठलेही सरकार आले की ते आधी कांद्याचा भाव बघते आणि मग शेतकऱ्याचे तोंड. तपासणीची फी मात्र प्रत्येक जण आधी भरून घेतो.

मागणी एवढीच: जानेवारी ते एप्रिल सुट्टीच्या दिवशीही एक अधिकारी बसवा, आणि तुमच्या कार्यालयाच्या चुकीने माल अडकला तर त्या दिवसांचे भाडे तुम्ही भरा.

भाड्याच्या पावत्या सोबत जोडल्या आहेत. सीलचा क्रमांक दोनदा तपासून लिहिला आहे.

आपला,
एक द्राक्ष बागायतदार,
निफाड तालुका, जि. नाशिक