बहिणींची जोडी म्हणजे फुटलेला बँड नव्हे

संपादक महोदय,

मार्टी मॅग्वायर आणि एमिली रॉबिसन या बहिणींच्या 'कोर्ट यार्ड हाउंड्स' या जोडीविषयी लिहिताना, त्यांच्या मूळ अमेरिकन कंट्री बँडबद्दल 'डिक्सी चिक्स फुटला' असे सर्रास छापले जाते. ते चूक आहे. 1989 मध्ये डॅलसला सुरू झालेला तो बँड मोडला नव्हता; 2010 मध्ये जोडीचा पहिला अल्बम आला, त्याच वर्षी बँडची मुख्य गायिका नॅटली मेन्ससह तिघींनी ईगल्स या रॉक बँडबरोबर दौराही केला. जोडीचा दुसरा अल्बम 2013 चा.

खरी गंमत आवाजांच्या मांडणीत आहे. तिघींत मुख्य आवाज नॅटलीचा, वरची साथ मार्टीची, खालची एमिलीची. जोडीत बहुतेक गाणी एमिलीने पुढे येऊन गायली. दोन आवाजांत तीन स्वरांची कॉर्ड (एकदम वाजणारा स्वरसमूह) पुरी होत नाही. राहिलेला स्वर वाद्याने भरावा लागतो: फिडलवर (म्हणजे व्हायोलिनवर) दोन तारा एकदम ओढून, नाहीतर डोब्रो या आडव्या धरून वाजवायच्या गिटारवर. त्यात फिडल हनुवटीखाली दाबलेले असले की जबडा आवळतो आणि गाता गाता वाजवणे अवघड जाते, म्हणून फिडलचे तुकडे बहुधा ओळींच्या मधल्या जागेत येतात.

एमिली वाजवते त्या बँजोचे दुखणे वेगळेच. त्याची पाचवी तार आखूड, खुंटी मानेच्या बाजूला, पाचव्या पडद्यापाशी (फ्रेटपाशी). दुसऱ्या पडद्यावर कॅपो (तारा दाबून सूर चढवणारा चिमटा) लावला तरी ती तार सुटीच राहते. ती 'जी' स्वरावरून 'ए'वर वेगळी चढवावी लागते. विसरले, की प्रत्येक ठेक्यात ती एकच तार बेसूर बोंबलते!

– एक वाचक