रेझिस्टन्स शून्य होतो ते ठीक, परत येतो त्याचं काय?

संपादक साहेब, स.न.वि.वि.

रविवारच्या पुरवणीतला सुपरकंडक्टरवरचा, म्हणजे खूप थंड केला की रेझिस्टन्स (करंटला होणारा अडथळा) शून्य होतो त्या पदार्थावरचा, लेख वाचला, चांगला होता पण नेहमीचंच, एमआरआय आणि हवेत तरंगणारी ट्रेन. मला त्याचा रेझिस्टन्स परत येतो ते जास्त कामाचं वाटतं, त्यावर कुणी लिहीतच नाही.

मी इथे बडोद्यात मकरपुऱ्याला ट्रान्सफॉर्मर रिपेरिंगमध्ये तीस वर्षं काढली. शॉर्ट सर्किट खाल्लेला ट्रान्सफॉर्मर टाकीतून बाहेर काढला की आतलं एलव्ही (लो व्होल्टेज) वाइंडिंग, म्हणजे तारेचं वेटोळं, चेपलेल्या डब्यासारखं, प्रेसबोर्डच्या (इन्सुलेशनच्या पुठ्ठ्याच्या) पट्ट्या खाली तेलात, आणि त्या जळक्या तेलाचा वास दोन दिवस हाताला राहतो. मालक म्हणणार, अहो ब्रेकर तर पडला होता! पडला होता हो, पण त्याला दोन-तीन सायकल लागतात, म्हणजे ४०-६० मिलिसेकंद, आणि सगळ्यात मोठा दणका पहिल्या १० मध्येच बसून गेलेला असतो. ट्रान्सफॉर्मरचा इम्पिडन्स, म्हणजे त्याचा स्वतःचा करंटला होणारा अडथळा, ५ टक्के असेल तर शॉर्ट सर्किटचा करंट नेहमीच्या वीसपट, आणि वाइंडिंगवरचा जोर वर्गाने वाढतो म्हणजे ४०० पट.

आता सुपरकंडक्टरची टेप उणे १९६ डिग्रीच्या लिक्विड नायट्रोजनमध्ये बुडवून लाइनला सिरीजमध्ये लावा. रोजच्या लोडला ती असून नसल्यासारखी, करंट आवरायला लावतात त्या रिॲक्टर कॉइलसारखी व्होल्टेज खात नाही. फॉल्ट, म्हणजे शॉर्ट सर्किट, आला की करंट तिच्या मर्यादेबाहेर जातो आणि काही मिलिसेकंदात रेझिस्टन्स उभा, ब्रेकरला सांगणारा रिले नको, कुणाचा हुकूम नको. मग थोडे सेकंद थंड होऊ द्यायची की परत तयार. १९८७ ला वायबीसीओ नावाचा सुपरकंडक्टर सापडला म्हणून हे नायट्रोजनवर जमलं, आधी हीलियम लागायचा. नायट्रोजन काय, आपल्या चरोतरात गायी-म्हशींचं रेतन करणाऱ्याच्या मोटारसायकलवर फिरतो!

असं उपकरण जर्मनीत एसेनला २०१४ मध्ये १० केव्हीवर लावलं, मॉस्कोत २०१९ मध्ये २२० केव्हीवर. टेप महाग, कूलिंग चोवीस तास चालू ठेवावं लागतं, मान्य. पण प्रत्येक फीडरला लावा कोण म्हणतंय? फॉल्ट लेव्हल (शॉर्ट सर्किटला येऊ शकणारा करंट) वाढू नये म्हणून सबस्टेशनात दोन ट्रान्सफॉर्मरच्या बाजू जोडणारा स्विच, बस कपलर, उघडा ठेवतात, एक ट्रान्सफॉर्मर तापतोय आणि शेजारचा अर्धा रिकामा, तिथे एक लावून बघा ना. शॉर्ट सर्किट टेस्टिंगची लॅब तर एर्डाकडे (विजेच्या सामानाची तपासणी करणारी संस्था) मकरपुऱ्यातच आहे.

आणि पुढच्या वेळी ट्रेनचा फोटो नको, चेपलेल्या वाइंडिंगचा छापा, माझ्याकडे पुष्कळ पडलेत.

— एक जुना वाचक, दांडिया बाजार, बडोदा