दर तीन महिन्यांनी पासवर्ड बदलायला लावू नका

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आमच्या शेजारच्या काकूंचं वय 76. नौपाड्यात एकट्या राहतात, मुलगा पुण्याला. विजेचं बिल, पेन्शनची चौकशी, सोसायटीची देखभाल वर्गणी, सगळं मोबाइलवर करतात आणि नीट करतात. गेल्या दिवाळीनंतर एका सकाळी पनवेलहून भाच्याचा फोन आला, "मावशी, कुठल्या हॉस्पिटलमध्ये आहेस? पैसे पाठवलेत मी." काकू तेव्हा ओट्याशी मेथी निवडत होत्या. त्यांच्या ईमेलवरून ओळखीतल्या सगळ्यांना मदतीची मेल गेली होती आणि त्यांना स्वतःला मात्र खातं उघडत नव्हतं.

मी 1930 या सायबर हेल्पलाइनवर तक्रार नोंदवायला बसले, तेव्हा काकूंनी कपाटाच्या दारामागचं कालनिर्णय काढून आणलं. पानामागे पेन्सिलीने लिहिलेलं होतं : गणपती@123. त्यावर काट. खाली गणपती@124, पुन्हा काट, मग 125. सोसायटीचं ॲप दर तीन महिन्यांनी पासवर्ड बदलायला लावतं. एक मोठं अक्षर, एक आकडा, एक चिन्ह हवंच. माणूस दुसरं काय करणार? शेवटचा आकडा एकाने वाढवतो, आणि लक्षात राहावा म्हणून तोच ईमेललाही लावतो.

हा दोष मी काकूंचा मानत नाही. हे नियम ज्यांनी लिहिले, त्यांनीच ते चुकल्याचं कबूल केलं आहे. अमेरिकेच्या 'निस्ट' या सरकारी मानक संस्थेत बिल बर यांनी 2003 मध्ये ही चिन्हं-आकड्यांची आणि वरचेवर बदलण्याची शिफारस लिहिली. 2017 मध्ये, निवृत्तीनंतर, त्यांनी त्याबद्दल जाहीरपणे खंत व्यक्त केली. त्याच वर्षी निस्टने आपल्या मार्गदर्शनातून दोन्ही गोष्टी काढून टाकल्या आणि त्याऐवजी सांगितलं : पासवर्ड फुटल्याची खूण असेल तरच बदलायला लावा, आणि लांब पासवर्ड चालू द्या. इतकी वर्षं झाली, आपल्याकडची ॲप अजून जुनाच नियम घोकतात. काही चौकटी तर 12 अक्षरांच्या पुढे टाइपच करू देत नाहीत, याचा मला खरोखर राग येतो.

चोर आपल्या घरासमोर बसून अंदाज करत नाही. 2009 मध्ये रॉकयू या अमेरिकी कंपनीकडून 3 कोटी 20 लाखांहून जास्त पासवर्ड जसेच्या तसे बाहेर पडले. त्यांत सर्वांत जास्त लोकांचा पासवर्ड होता 123456. अशा याद्या चोरांच्या हाती असतात. एका ठिकाणचा फुटलेला पासवर्ड यंत्राने इतर शंभर ठिकाणी लावून बघतात. देवाचं नाव, नातवाचं नाव, जन्मसाल, पुढे @, हा साचा त्यांना पाठ आहे. म्हणून ईमेलचा पासवर्ड कुठेही दुसरीकडे वापरू नये. बाकी बऱ्याच खात्यांची 'पासवर्ड विसरलात?' ही वाट ईमेलमधूनच जाते. ईमेल गेलं की किल्ल्यांचा जुडगाच गेला.

मग काकूंसाठी आम्ही काय केलं ते सांगते. घरात हजार पानांचा शब्दकोश होता. 0 ते 9 आकड्यांच्या चिठ्ठ्या डब्यात टाकल्या, तीनदा उचलून (प्रत्येक वेळी परत टाकून) पान ठरवलं, मग नातवाच्या ल्युडोचा फासा टाकला. चार पडला की पानावरचा चौथा शब्द. असे चार शब्द काढले. उदाहरण द्यायचं तर : भोपळा, उंबरठा, शिंपी, वादळ. (हे आता छापून येतील, तेव्हा कुणी वापरू नयेत.) वादळात शिंपी भोपळा घेऊन उंबरठ्यावर बसलाय, असं चित्र मनात आणलं की विसरायला होत नाही. ते चारही शब्द इंग्रजी अक्षरांत, मध्ये आडवी रेघ देऊन टाइप करायचे. एका शब्दाला 6000 शक्यता, चार शब्दांना 6000 चार वेळा गुणायचे. एकावर पंधरा शून्यांपेक्षाही मोठा आकडा होतो. मात्र शब्द चिठ्ठी-फाशानेच निघाले पाहिजेत. आपल्या मनाने निवडले की पुन्हा गणपती आणि नातूच येतात. म्हण किंवा अभंगाची ओळही नको, ती सगळ्यांनाच पाठ असते.

काकूंनी ते शब्द डायरीत लिहिले आणि डायरी दागिन्यांच्या कुलुपात ठेवली. कागदावर लिहू नका, असं सरसकट सांगतात, ते मला पटत नाही. परदेशातला चोर काकूंचं कपाट उघडू शकत नाही; मोबाइलमागे चिकटवलेली चिठ्ठी मात्र नको. शिवाय ईमेलला दुहेरी पडताळणीही (पासवर्डखेरीज आणखी एक खात्री मागणारी सोय) लावली.

ठाण्यातल्या सोसायट्यांनी आणि पतसंस्थांनी आपापल्या ॲपवाल्यांना दोन गोष्टी विचाराव्यात : दर तीन महिन्यांची सक्ती कशासाठी, आणि तीस-चाळीस अक्षरांचा पासवर्ड का चालत नाही? आमच्या सोसायटीची सर्वसाधारण सभा पुढच्या महिन्यात आहे. हा विषय मी सचिवांकडे लेखी दिला आहे.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका,
नौपाडा, ठाणे (पश्चिम)