बाबा, फोन ठेवा ना!

महोदय,

१९९९ साली आमच्या घरी विंडोज ९८चा संगणक आला. आजीने त्याला ओवाळलं, आईने भरतकामाचं कव्हर शिवलं. इंटरनेट फोनच्या तारेवरूनच यायचं. मोडेम किरकिरत कसाबसा जोडला जायचा आणि तेवढ्यात आत्याशी बोलायला बाबांनी रिसीव्हर उचलला की सगळं तुटायचं. मग भावाची आरोळी, ‘बाबा, फोन ठेवा ना!’ माउस अडकला की त्याच्या पोटातला रबरी गोळा काढून आम्ही पुसायचो. आजी तो देवघरातल्या शाळिग्रामासारखा अलगद हातात घ्यायची. किती गोड दिसायचं ते! दसऱ्याला कीबोर्डवर झेंडू, मॉनिटरला हळदकुंकू. हे ऐकून आज माझ्या मुलांची मुरकुंडी वळते. इतर वाचकांनीही आपल्या घरचे असे प्रसंग जरूर लिहावेत.

– एक वाचक, सांगली