प्रश्न पडतात हो, गुण पडत नाहीत

मा. संपादक,
स.न.वि.वि.

कालच्या रविवार पुरवणीतला राज्यशास्त्राच्या अध्यापनावरचा लेख वाचला. भाषा सुंदर आहे, त्याबद्दल लेखक महोदयांचे अभिनंदन. पण 'आजच्या मुलांना प्रश्नच पडत नाहीत' हे वाक्य मला रात्रभर टोचत राहिले. मी एकतीस वर्षे हा विषय शिकवला. मुलांना प्रश्न पडतात. ते उत्तरपत्रिकेत उतरले की पुढे काय होते, ते लेखक महोदयांना ठाऊक नसावे. किंवा चांगलेच ठाऊक असावे.

२०२३ ची उन्हाळी परीक्षा. मी कॅपमध्ये, म्हणजे विद्यापीठाच्या उत्तरपत्रिका तपासणी केंद्रात, मॉडरेटर होतो, म्हणजे तपासलेल्या उत्तरपत्रिका पुन्हा पाहणारा. टीवायचा (पदवीच्या तिसऱ्या वर्षाचा) पेपर, दहा गुणांचा प्रश्न: 'राष्ट्रपती राजवटीची कारणे स्पष्ट करा.' नमुना उत्तरात चार मुद्दे, म्हणजे बाजारातल्या गाईडात असतात तेच चार, त्याच क्रमाने. एका उत्तरपत्रिकेत मात्र या चारांपैकी एकही मुद्दा नव्हता. त्या मुलाने (की मुलीने, देव जाणे, उत्तरपत्रिकेवर नाव नसते) लिहिले होते की महाराष्ट्रात ही राजवट तीनदा आली आणि तिन्ही वेळा कारण वेगळे. १९८० मध्ये दिल्लीत सत्ता बदलली म्हणून इथले सरकार बरखास्त. २०१४ मध्ये निवडणूक तोंडावर असताना मित्रपक्षाने पाठिंबा काढला. २०१९ मध्ये निकाल लागूनही कोणाचे जुळेना. पुढे लिहिले होते की १९७७ मध्ये जनता सरकारने काँग्रेसची नऊ राज्य सरकारे घालवली आणि तीन वर्षांनी काँग्रेसने नऊच घालवून परतफेड केली, तेव्हा पुस्तकातली कारणे खरी की ही? शेवटी डॉ. आंबेडकरांनी संविधान सभेत व्यक्त केलेली आशा, की ही तरतूद कागदावरच राहील, आणि सर्वोच्च न्यायालयातला १९९४ चा बोम्मई खटला. बहुमताचा निकाल राजभवनात नव्हे, सभागृहात लागावा, हे त्याने स्वतःच्या शब्दांत सांगितले होते. शुद्धलेखन यथातथाच होते, ते सोडा.

गुण पडले होते तीन.

तपासणाऱ्याला मी दोष देत नाही. तो तासिका तत्त्वावरचा, म्हणजे तासागणिक मानधनावर शिकवणारा पोरगा, समोर गठ्ठा, संध्याकाळच्या आत संपवायचा. नेमणुकीचा कागद वेळेवर नाही, मानधन तर त्याहून उशिरा. भरतीची बातमी आपल्याकडे वर्षातून दोनदा येते, भरती कधी झाली तेही एकदा छापावे. असो.

मी तिनाचे आठ केले. पंधरा दिवसांनी खुलासा मागवणारे पत्र आले: नमुना उत्तरात नसलेल्या मुद्द्यांना गुण कोणत्या आधारे दिलेत? मी दोन पानी खुलासा लिहिला, बोम्मईसकट. त्यावर फोन आला, 'सर, एवढं कशाला, पुढच्या वेळी जरा सांभाळून घ्या.' आणि खोटे कशाला सांगू, पुढच्या सत्रात मी सांभाळून घेतले. निवृत्तीला सहा महिने उरले होते. तेव्हा लेखक महोदयांनी 'कणा हरवलेले अध्यापक' असे जे म्हटले आहे, त्यात मीही आहे. मोजून घ्यावे.

वर्गाचेही तेच. नोव्हेंबर २०१९ मध्ये दिवाळीनंतरचे सत्र नुकतेच सुरू झाले होते. शनिवारी पहाटे राष्ट्रपती राजवट उठली, सकाळी शपथविधी झाला आणि सोमवारी माझा वर्ग कधी नव्हे तो गच्च भरला. एरवी बारा-पंधरा टाळकी असतात. मुले विचारत होती, मंत्रिमंडळाची बैठक झाली का, राज्यपालांना हे करता येते का, रात्रीतून पत्र कसे तयार झाले. तासभर मी जेमतेम चार वाक्ये बोललो असेन. दुपारी फलकावर सूचना लागली: 'वर्गात चालू राजकीय घडामोडींवर चर्चा करू नये.' राज्यशास्त्र विभागाच्या फलकावर! दुसऱ्या दिवशी २६ नोव्हेंबर, संविधान दिन. सगळ्यांना मैदानात उभे करून उद्देशिका वाचून घेतली. 'विचार, अभिव्यक्ती' या शब्दांना प्राचार्यांचा आवाज चांगला लागला होता. फोटो आपल्याच दैनिकात आला होता.

'चर्चात्मक अध्यापन' करा म्हणणे सोपे आहे हो. आधी प्रश्नपत्रिका काढणाऱ्यांना 'स्पष्ट करा' सोडून दुसरे क्रियापद शिकवा. आता एमपीएससीची मुख्य परीक्षाही वर्णनात्मक झाल्यामुळे स्वतंत्र विचारांच्या तयार नोट्स बाजारात मिळतात म्हणे. लेखाच्या शेजारीच अशा एका क्लासची अर्धा पान जाहिरात होती, ती मी लेखापेक्षा लक्ष देऊन वाचली.

एक विनंती. मागच्या खेपेला माझे पत्र आपण निम्मे कापले आणि 'राज्यपाल' चे 'राज्यपला' छापले. त्यावर मित्रांनी मला महिनाभर सोडले नाही. जागा कमीच पडली तर आरंभीचे अभिनंदन खुशाल काढा, त्या उत्तरपत्रिकेचा परिच्छेद तेवढा राहू द्या.

आपला,
एक निवृत्त प्राध्यापक, पुणे
(नाव छापू नये, निवृत्तिवेतनाची फाईल अजून फिरते आहे.)