मालिदाची गाणी गडकरी रंगायतनमध्ये ऐकू द्या

महोदय,

टेंभी नाक्याजवळचे १८७९ साली बांधलेले सिनेगॉग, म्हणजे बेने इस्रायली या मराठी बोलणाऱ्या ज्यू समाजाचे प्रार्थनास्थळ, बाहेरून पाहिलेले ठाणेकर पुष्कळ आहेत, पण त्या समाजाची गाणी ऐकलेले फार थोडे. लहानपणी शेजारच्या बेने इस्रायली काकूंकडे मालिदा, म्हणजे देवाचे आभार मानण्याचा विधी, असला की भिजवलेले गोड पोहे, ओले खोबरे आणि फळे आमच्याही वाट्याला येत. एलियाहू हन्नाबीचे, म्हणजे एलियाहू प्रेषिताचे, हिब्रू स्तवन व्हायचे. आणि लग्नाआधीच्या मेंदीला त्याच बायका मराठीत गायच्या. ती चाल मला माझ्या आजीच्या जात्यावरच्या ओवीसारखीच वाटायची! याच समाजाने १८८० च्या सुमारास बायबलमधल्या कथांची मराठी कीर्तने सुरू केली, हेही किती जणांना माहीत असेल?

मी गाणे शिकवते. आपल्याकडे समूहगान म्हणजे सगळ्यांचा एकच सूर. बल्गेरियातल्या खेड्यांत मात्र काही भागांतल्या बायका शेजारचे दोन स्वर एकमेकांना मुद्दाम घासू देतात. परवा आम्ही चौघींनी तसे करून पाहिले : एकीने षड्ज धरला, दोघींनी हिब्रू स्तवन घेतले, चौथीने ओवी. दोनदा सूर निसटला, तिसऱ्यांदा मात्र अंगावर काटा आला.

१९४८ नंतर समाजातील बरेचजण इस्रायलला गेले. ही गाणी येणाऱ्या आजीबाई ठाण्यात अजून आहेत. महापालिकेने त्यांच्यासाठी गडकरी रंगायतनमध्ये एक संध्याकाळ ठेवावी, आणि ध्वनिमुद्रणही करावे. शक्यतो याच वर्षी.

– एक संगीत शिक्षिका, नौपाडा, ठाणे