सिएनाच्या कॅथेड्रलविषयी

ती. आई आणि बाबा यांस,
सा. न. वि. वि.

बाबा, फोटो पाहून तुम्ही विचारले होते की इटलीतल्या सिएनाच्या कॅथेड्रलवरचे पट्टे रंगवलेले आहेत का. ते रंगवलेले नसून पांढऱ्या आणि गडद हिरवट-काळ्या संगमरवराचे थर आलटून पालटून रचलेले आहेत. काळा आणि पांढरा हे सिएना शहराच्या मानचिन्हाचेच रंग. आतले खांबही तसेच पट्टेदार असल्यामुळे शिरताक्षणी नजर ठरत नाही. दर्शनी भागाचे काम 1284 च्या सुमारास जोव्हान्नी पिसानो या शिल्पकाराकडे आले. वरची सोनेरी मोझाइक चित्रे मात्र 19 व्या शतकातली आहेत, आणि मला ती जरा भडकच वाटली.

आई, तुला दाखवावी अशी गोष्ट पायाखाली आहे. या फरशीत 56 चित्रे असून त्यांचे काम 14 व्या शतकात सुरू झाले आणि पुढे काही शतके चालले. आरंभी पांढऱ्या दगडात रेषा कोरून त्यांत काळे मिश्रण भरीत. पुढे निरनिराळ्या रंगांचे संगमरवर कापून असे सांधू लागले की वस्त्रांच्या चुण्या आणि सावल्याही दगडातूनच उमटाव्यात. मातेओ दी जोव्हान्नीने 1481 मध्ये रचलेल्या, बायबलमधल्या बालहत्येच्या चित्रापाशी मी सर्वांत जास्त रेंगाळले. हेरोद राजा सिंहासनावर बसून आज्ञा देतो आहे, सैनिक तुटून पडले आहेत आणि आया तान्ह्यांना उराशी कवटाळून झुंजत आहेत. ही सगळी झटापट रांगोळीसारखी जमिनीवर पसरलेली पाहताना अंगावर काटा येतो.

बाबा, तुम्हाला बाहेरची अर्धवट भिंत अधिक आवडेल. 1339 मध्ये सिएनाकरांनी इतके प्रचंड कॅथेड्रल योजले की आजची संपूर्ण इमारत त्याची केवळ आडवी बाजू ठरली असती. पण 1348 च्या प्लेगने शहर उजाड केले, बांधकामातही दोष आढळले आणि काम कायमचे थांबले. उभ्या राहिलेल्या त्या भिंतीवर आता अरुंद जिन्याने चढता येते.

एरवी फरशीचा बराच भाग झाकलेला असतो. ऑगस्टच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत साधारणपणे ती पूर्ण उघडी ठेवतात. म्हणून तुमची तिकिटे सप्टेंबरचीच काढावीत असे मला वाटते. बाबा जिना चढल्याशिवाय राहणार नाहीत. तोवर आई, आपण दोघी निवांत फरशी पाहू.

तुमची,
लेक